माईची कंबर आणि आबांची चाकं

परसात सोडणांचा ढीग काही कोणी ठरवून करत नाही. रोज एक नारळ सोलायचा, सोडण मागे टाकायचं, आणि एक दिवस बघावं तर ढीग कुंपणाएवढा. शेजारच्या आबांच्या गाडीच्या गोष्टींचंही तसंच झालंय. संध्याकाळी सोप्यावर चार माणसं बसली की कोणीतरी म्हणतंच, "शैला, ती टायरातल्या गादीची सांग गो." एक सांगितली की तिच्या मागून दुसरी येते. माझ्या स्वयंपाकघराची खिडकी नेमकी त्यांच्या अंगणावर उघडते, त्याला मी काय करू?

आबांनी जन्मभर फेरीबोट चालवली. आता पेन्शन घेतात. माई म्हणजे त्यांची बायको, माहेर नार्व्याचं. नार्व्याच्या धक्क्यावर माईने आपल्याला पहिल्यांदा वळून बघितलं, असं आबा सांगतात. माई म्हणते, "मी बोट बघत होते."

माईच्या कंबरेने दगा दिला आणि तिचं माहेर तुटलं. आमच्या पेडण्याहून नार्व्याला जायचं तर बस बदलत बदलत जायला लागतं, आणि प्रत्येक बस आधीच्या बसपेक्षा खिळखिळी. तिथे तिची धाकटी बहीण सुलू आईबापांच्या घरात एकटी राहते. दोन वर्षं दोघींची गाठ नाही. आबा-माईचा मुलगा निलेश परदेशी जहाजावर असतो. तो सुट्टीवर आला आणि आईसाठी गाडी घेऊन टाकली. सेकंडहँड, पण काळी, लांबलचक, मंत्री उतरतात तसली. म्हणाला, "आई, आता नार्व्याला जायचं ते गादीवर बसून."

तेव्हापासून सगळ्या वाड्याचं लक्ष एकाच गोष्टीकडे लागलं. माई नार्व्याला जाते कधी?

*

गाडी आधी देवळात नेली. निलेशने तिला मोठे चकचकीत अलॉय बसवले होते. चाक एवढं थोरलं आणि त्याभोवती टायर एवढासा. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, "बा देवा महाराजा, ह्या गाडयेक कसलाच विघ्न येव नये, रे महाराजा." आम्ही सगळे म्हणालो, "व्हय महाराजा." मग चारी चाकांखाली लिंबं ठेवली. आमचे हे माझ्या कानात म्हणाले, "टायरापेक्षा लिंबू जाड आहे."

देवळाकडून घर किती लांब? पण मध्ये एक गतिरोधक आहे. तो आला आणि आतून माईचा आवाज आला, "निलेश, थांबव. मी चालत येते."

निलेश समजावायला लागला. मोठं चाक, पातळ टायर, वळणावर गाडी कशी पकडून चालते, परदेशात सगळे असेच घालतात. आबा खाली वाकून चाक बघत होते. म्हणाले, "अरे, हा टायर नव्हे. लुगड्याला काठ लावतात तशी चाकाला रबराची पट्टी लावलीय."

*

निलेश जहाजावर गेला, अलॉय इथेच राहिले. आबांना कोणीतरी सांगितलं, टायरात हवा नीट असली की गाडी मऊ चालते. आबा पंपावर गेले. हवा फुकट. आबा म्हणाले, "भर. पुन्हा पुन्हा कोण येतोय?"

दुसऱ्या दिवशी माई उशी घेऊन गाडीत बसली. मी खिडकीत होते. नारळ फोडायच्या आत गाडी परत. माई उतरली, उशी काखेत. मी विचारलं, "काय झालं गो माई?"

"काय होणार? सुपात घालून पाखडली मला."

आमच्या ह्यांना दिसेल ते वाचायची सवय. औषधाच्या बाटलीवरचं, बिस्किटाच्या पुड्यावरचं, सगळं. त्यांनी गाडीचं दार उघडलं आणि आतल्या बाजूला चिकटवलेला कागद वाचून दाखवला. कुठल्या चाकात किती हवा, सगळं लिहिलेलं. आबांनी भरली होती ती त्याच्या किती तरी वर.

आबा म्हणाले, "माहिती दाराच्या आत चिकटवायची आणि हवा टायरात भरायची. माणसाला कळणार कसं?" आणि रागाने तिथेच एकेका चाकाची हवा सोडत बसले. एवढी सोडली, एवढी सोडली, की गाडी पाण्यात बसलेल्या म्हशीसारखी बसली.

*

शेवटी म्हापशाला टायरच्या दुकानात गेले. आमच्या ह्यांना बरोबर नेलं होतं, म्हणून मला कळलं. दुकानदार म्हणाला, "आबा, रिम लहान घ्या, म्हणजे टायर जाड बसतो. बाहेरून चाक तेवढंच राहतं, पण खड्ड्याचा धक्का रबर खातं, माणूस नव्हे."

आबांना ते पटलं. पण पारखल्याशिवाय घेतील तर ते आबा कसले? एकेक टायर अंगठ्याने दाबून बघायला लागले, बाजारात मानकुराद आंबे दाबून बघतात तसे. चार दाबले, पाच दाबले. दुकानदार म्हणाला, "आबा, हे पिकायचे नाहीत."

नवी चाकं बसली. जुने अलॉय आबांनी कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी रचून ठेवले. रात्री निलेशचा व्हिडिओ कॉल आला. गाडी बघून त्याने कपाळावर हात मारला. "आबा, बूट काढून चप्पल घातलीत तुम्ही गाडीला!"

"चप्पल चालायला बरी."

"आणि माझे अलॉय?"

आबांनी फोन खुराड्याकडे वळवला. वरच्या अलॉयमध्ये तांबडी कोंबडी अंडी उबवत बसली होती. आबा म्हणाले, "वापरात आहेत."

*

आता माईला धक्का बसेना. गतिरोधक गेला तरी तिला पत्ता नाही. आबांनी सुलूला फोन करून कळवलं, रविवारी येतो. शनिवारी सवय व्हावी म्हणून माईला हायवेवरून फिरवून आणलं, आणि माई म्हणाली, "कंबर ठीक आहे. पण कानात भुंगा गुणगुणतो."

रविवार गेला. आबांनी आम्हाला बोलावलं. मी, आमचे हे, गुरव आणि गुरवाची बायको. प्रत्येकाला एकेक चाक वाटून दिलं. आपापल्या चाकाकडे कान ठेवायचा आणि बोलायचं नाही. आम्ही दोघी गप्प बसलो हे अजून वाड्यात कोणी खरं मानत नाही.

आवाज होता. गुरव म्हणाला पुढून येतो, त्याची बायको म्हणाली मागून. घरीही त्यांचं असंच असतं. शेवटी आमच्या ह्यांच्या लक्षात आलं. गाडी सिमेंटच्या रस्त्यावर चढली की गुणगुण सुरू, डांबरावर उतरली की बंद. टायर तेच, रस्त्याप्रमाणे बोलत होते.

आबांनी घरी येऊन माईला मोठ्या आनंदाने हे सांगितलं. माई म्हणाली, "बरं झालं कळलं. आता नार्व्यापर्यंत डांबर घालून घ्या."

*

हे निलेशच्या कानावर गेलं. त्याने कुठून कुठून चौकशी करून खास टायर मागवून दिले. त्यांच्या आत स्पंजचा पट्टा चिकटवलेला असतो. टायराच्या पोटात आवाज घुमतो तो म्हणे हा स्पंज पिऊन टाकतो. ते बसले आणि गाडी अशी काही गप्प झाली की आबांच्या मनगटावरचं घड्याळ ऐकू यायला लागलं.

पण आमच्या नशिबात खिळा होता. पंक्चर काढायला गाडी नाक्यावर विठूकडे नेली. विठूने टायर रिमवरून उतरवला, आत हात घातला आणि तो तसाच ठेवून आबांकडे बघत राहिला. हळूच म्हणाला, "आबा, गाडी कोणाकडून घेतलीत? टायरात कोणीतरी गादी लपवलीय."

आबा चहाला गेले तेवढ्यात त्याने सगळा स्पंज खरवडून काढला. आत काय लपवलंय ते बघायला तुकडे तुकडे केले. काही निघालं नाही. मग टायर आतून स्वच्छ पुसून पंक्चर काढून दिलं. आबा घरी आले तर एका चाकाची गुणगुण परत सुरू. ती गादी म्हणजेच आवाज पिणारा स्पंज, हे निलेशने फोनवर सांगितलं तेव्हा उलगडा झाला. आबा धावत विठूकडे. विठूची बायको नळावर त्या स्पंजाने टोप घासत होती. म्हणाली, "बरो आसा हो. करपलेलां निघता."

माई मात्र रागावली नाही. म्हणाली, "असू दे. एक चाक बोलतं, तिघं ऐकून घेतात. आमच्या घरासारखंच आहे."

*

चौथ्या चाकाला तसाच नवा टायर आला. आता ना धक्का, ना आवाज. आबा अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार. माई दारात आली, गाडीकडे बघितलं आणि म्हणाली, "इतकी शांत गाडी बरी नव्हे. चाललीय की थांबलीय तेच कळत नाही. मला घेरी येते."

आबा पायरीवर बसले. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांचा चेहरा मला बघवला नाही.

दुपारी मी माईकडे गेले. ती अडाळ्याच्या पात्यावर तिसऱ्यांचे शिंपले उघडत बसली होती. मी समोर पाट ओढला. म्हटलं, "माई, टायर सगळे झाले. आता सुलूचं सांग."

तिने दोन शिंपल्या उघडल्या, तिसरी हातात धरून राहिली. मग सगळं आलं. मामेबहिणीच्या लग्नात भाज्यांचं खतखतं माईने केलं होतं. माणसं जास्त आली. सुलूने माईला न विचारता त्यात कळशीभर पाणी ओतलं. पंगतीत कोणीतरी म्हणालं, माईचा हात आता पहिल्यासारखा राहिला नाही.

"आणि तू?"

"मी चार माणसांत तिला म्हटलं, तुझ्या घरची पायरी चढणार नाही."

"मग कंबर?"

"कंबर दुखते गो. ते खोटं नव्हे. पण सांगायला बरी पडली."

"सुलू फोन करते ना?"

"आबांना करते. मी बाजूला बसून ऐकते." तिने शिंपली खाली ठेवली. "मी आपण होऊन जायचं, आणि तिने मान फिरवली तर? मग मी त्या घरात कधीच जाणार नाही, शैला. आईचं घर आहे ते."

मी म्हटलं, "मी येते बरोबर." मी हे कोणालाही सांगितलं नाही. फक्त आमच्या ह्यांना, तेही दार लावून.

*

गेल्या रविवारी आम्ही गेलो. माई पुढे आबांच्या शेजारी, मी मागे. सुलूला कळवलं नव्हतं. कळवून कळवून आबांनाच लाज वाटायला लागली होती. डिचोली गेलं, नार्व्याचा उतार लागला, आणि गाडी अशी गेली की रस्त्याकडेला झोपलेल्या कुत्र्याने कानसुद्धा हलवला नाही. सुलूच्या दारात आलो तरी घराला पत्ता नाही.

सुलू अंगणात आमच्याकडे पाठ करून, वाकून तट्ट्यावर कोकमाची सोलं वाळत घालत होती आणि दगडी गडग्यापलीकडच्या शेजारणीशी बोलत होती. आबांचा हात हॉर्नवर गेला. माईने तो धरला. दुसऱ्या हाताने बटण दाबून काच खाली घेतली.

सुलू म्हणत होती, "पहिलं म्हणाले टायर कडक. मग म्हणाले टायर गुणगुणतात. आता म्हणे टायर फारच गप्प. मला काय कळत नाही? चुकले मी, मान्य. तिला विचारायला हवं होतं. पण पाया पडायचं तर पाय तरी समोर यायला नकोत?"

शेजारणीने आम्हाला बघितलं होतं. ती नुसतीच हनुवटीने खुणावत होती. सुलू वळली. हात लाल, मुठीत सोलं तशीच.

आबा स्टिअरिंगकडे बघत बसले. मीसुद्धा गप्प.

मग माई खिडकीतून म्हणाली, "उभी काय राहिलीस? दार उघड. ह्या गाडीचं दार मला उघडत नाही."

सुलू हात पदराला पुसत धावत आली आणि दार उघडून माईचा हात धरला.

"अगो पण अस्नोड्याला चहाला उतरलीस तेव्हा तर तूच—" आबा म्हणायला लागले.

मी मागच्या सीटवरून त्यांच्या दंडाला चिमटा काढला.