आत्याचं नाक आणि बागेतला वास

माझी आत्या साबणाच्या कारखान्यात वास तपासायची. अख्खा जन्म तेच केलं. वडी नाकाशी धरायची, मग स्वतःच्या कोपराच्या खोबणीत नाक खुपसायचं म्हणजे नाक कोरं होतं, आणि पुन्हा वडी. घरातही तोच खाक्या. दूध नासायच्या बेतात आहे, कोण कालचेच मोजे घालून आलंय, सगळं बसल्या जागेवरून सांगायची. ते खोडून काढायची आमची काय बिशाद.

नोकरी संपल्यावर ती एकटी राहायला लागली. मुलगा बोलावून बोलावून थकला. माझं नाक शाबूत आहे तोवर मला राखणदार नको, हे तिचं ठरलेलं उत्तर.

यंदा पानगळ लागली आणि तिच्या मागच्या बागेत संध्याकाळी कसलासा गोड वास दरवळायला लागला. कामावरून येताना मी रोज तिच्याकडे डोकावते. विचारलं, तर म्हणाली शेजारच्या वेलीला फुलं आलीत. दुसऱ्या दिवशी म्हणाली, कोणीतरी केक भाजतंय. मला काही पटेना, पण आत्या चुकेल कशी? माझंच नाक बिघडलं असणार, असं मी धरून चालले. एवढी मी शहाणी.

काल मात्र मी इरेला पेटले. वाकून वाकून सगळी बाग हुंगली. शेजारीण कुंपणावरून हसत होती, हसो बापडी. वास निघाला कोपऱ्यातल्या झाडाच्या गळलेल्या पिवळ्या पानांचा. आता आत्याला चांगली चिडवते म्हणून ओंजळभर पानं घेऊन मी स्वयंपाकघराच्या दारात आले.

दारातच गॅसचा भपकारा आला. आणि मी ढिम्म हलले नाही. आत्या शेगडीपाशीच उभी होती ना. गॅस असता तर तिने एव्हाना गल्ली डोक्यावर घेतली असती. तेवढ्यात तिने पेटीतून काडी काढली.

पानं कुठे उडाली कोण जाणे. मी तिच्या हातावर झडप घातली, काडेपेटी बाहेर भिरकावली, शेगडी बंद केली, खिडक्या उघडल्या.

"अगं, वास येत नाही तुला?" मी खेकसले.

"नाही येत. पावसाळ्यात मला ताप आला होता ना, तेव्हापासून काहीच येत नाही."

मुलाला कळलं तर हे घर सुटेल, म्हणून ती गप्प राहिली होती. बागेतून आत येताना माझा चेहरा खुललेला दिसायचा, त्यावरून काहीतरी गोड असणार एवढं तिने ताडलं होतं. बाकी सगळ्या थापा. मला तिचा रागही आला आणि रडूही आलं.

मग आम्ही मागच्या पायरीवर बसलो. तो वास शेवटी कशाचा निघाला, तिने विचारलं. मी पानं गोळा करून तिच्या मांडीवर ठेवली. तिने एक नाकाशी धरलं, मग कोपराच्या खोबणीत नाक खुपसलं, पुन्हा पान धरलं. मग हात खाली घेतला.

"तू सांग," ती म्हणाली.

"साखर करपल्यासारखा."

"करपलेली, की करपायच्या आतली?"

मला पान पुन्हा हुंगावं लागलं. "आतली," मी म्हटलं.

"मग छान असेल," ती म्हणाली, आणि मुलाला फोन लावून दे म्हणाली.