शेवटच्या गावची लाइन

खांबावर चढणाऱ्या माणसाच्या अंगावर ओरखडे आणि तोंडात किस्से, दोन्ही आपोआप साचतात. सिंदेवाहीहून जंगलाकडे गेलेली आमची केबलची लाइन मी आणि मारोतीभाऊ, दोघांनीच ओढली. त्या काळ्या जाड वायरीतून घरोघरी इंटरनेट जातं.

नागपूरच्या ऑफिसातल्या साहेबांना मात्र ती डोळ्यांत खुपायची. "शेवटच्या गावातून फार कंप्लेंट येतात, लाइन काढून टाका!"

आम्ही म्हटलं, काढून दाखवा!

*

एका घरी सारखं नेट जायचं. गेलो तर आमच्याच वायरीवर ओल्या गोधड्या! वजनानं आतली तार तुटायला आलेली, सिग्नल येणार कुठून? मी भडकलो. घरमालक शांतपणे म्हणाले, "तार बांधली तं रिकामी काऊन ठेवाची जी?"

*

वानरांनी वायर सोलली. मारोतीभाऊंनी रिपोर्टात खरं तेच लिहिलं. कारण : वानर.

साहेबांचा फोन आला, "मग तुम्ही त्यांच्यावर काय कारवाई केली?"

"म्होरक्या इथीच बसून हाये साहेब. देऊ का त्याले फोन?"

*

एका गुरुजींकडे नेट ठार बंद. वायर भिंतीवर इतकी सरळ बसवलेली की मीही वाखाणली. जवळून पाहिलं, तर प्रत्येक खिळा वायरीच्या बरोब्बर मधोमध!

"कडेनं ठोकला तं सरकते ना जी," गुरुजी म्हणाले.

*

आम्ही नवी वायर मागायचो. ऑफिसचं उत्तर ठरलेलं, "राउटर बंद करून चालू करा."

एकदा मारोतीभाऊ पेटलेच. "बैलाचा पाय मोडला साहेब, अन् तुमी घंटी बदलवून राह्यले!"

*

शेवटच्या गावात विमलबाई ओसरीवर लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देतात. सातबारा असो की जातीचा दाखला. लाइन गेली की सगळ्या गावाला पुन्हा तालुक्याच्या खेपा. पावसाळ्यात त्यांचं नेट दिवसभर गटांगळ्या खाऊ लागलं. त्यांनी कंप्लेंटवर कंप्लेंट केली. शेवटी साहेब स्वतः आले, पण बॅगेत लाइन बंद करायचा कागद घेऊनच!

वायरीकडे न बघताच म्हणाले, "बाई, केबल एकदम ठीक आहे. दोष तुमच्या कॉम्प्युटरचा आहे."

माझ्या तोंडात शिवी आली होती. विमलबाईंनी हातानं मला थांबवलं. त्यांनी मोडेमची वायर सोडवली आणि तिचं टोक स्टीलच्या पेल्यात धरलं.

टप. टप. टप.

बाहेर खांबाजवळ सोललेल्या जागेतून आत शिरलेलं पावसाचं पाणी पेल्यात पडू लागलं. तळ झाकला गेला, तसा त्यांनी तो पेला साहेबांपुढे ठेवला.

"घ्या साहेब. पाव्हण्याले आधी पानी देतो आमी. तुमच्याच केबलचं हाये!"

साहेबांनी पेला बाजूला सारून बॅगेत हात घातला.

"प्या ना जी," विमलबाई म्हणाल्या, "मंग काढा तुमचा कागद."