सिंधी कढीची वाटी

मैत्रिणींनो, ग्रुपवर सिंधी कढीची कृती विचारत होतात ना, तर आज दुपारी मी तीच केली. बेसन तेलात खमंग भाजायचं, मग पाणी, चिंचेचा कोळ, शेवग्याच्या शेंगा आणि भेंडी घालून उकळायचं. दही अजिबात नाही. सोपी आहे.

जेवायला माझी नणंद शालूताई होती. पहिला घास घेऊन ती नातवंडांना म्हणाली, "यवतमाळले आम्ही दोघी एकाच वेळी गरोदर होतो. मले या कढीचे डोहाळे लागले, तं वहिनीनं स्वतःची वाटी मले देली. एवढा जीव होता माझ्यावर!"

बासष्ट सालची गोष्ट. डोहाळे मला लागले होते. शेजारच्या सिंधी काकूंनी वाटी माझ्यासाठी पाठवली होती. सासूबाईंनी ती माझ्या हातातून घेतली आणि बाळंतपणाला आलेल्या लेकीपुढं ठेवली.

"तुले कायले पाहिजे? कालची भाकर आहे न."

शालूनं माझ्याकडं बघत बघत वाटी चाटूनपुसून संपवली. ती घासून परत द्यायला मलाच पाठवलं.

"पसंद आयी, बेटी?" काकूंनी विचारलं.

मी म्हटलं, "बहुत."

आज मात्र बोलले, "शालूताई, मी दिली नव्हती. आईंनी माझ्या हातातून घेतली होती."

ती हसली. "अवो वहिनी, कढीच तं होती! वाढा न अजून."

नातवंडंही हसली. मी वाढली.

तुम्ही वाढली असती?