कचरा नसलेली शेड

लातूरकडून आलेला ज्ञानदेव गेली बावीस वर्षं चाकणला मोडकी पॅलेट दुरुस्त करतोय. कारखान्याचा माल ज्या लाकडी चौकटीवर बसून गावोगाव जातो, ते हे पॅलेट. त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. ज्ञानदेव मात्र वाकडा खिळासुद्धा ठोकून सरळ करतो. फळीचा तुकडा उरला की त्याची पाचर होते, भुसा कोंबडीवाला नेतो. केराचा डबा त्याच्या शेडला कधी लागलाच नाही.

मग कंपनीला पर्यावरणाचा पुळका आला. जो पुरवठादार हिरवा नाही, त्याचं काम बंद! ज्ञानदेवकडे तर ही एकच कंपनी. तपासायला निरंजनसाहेब आले, एकटेच, भल्यामोठ्या गाडीतून.

"मागच्या वर्षीपेक्षा कचरा किती टक्के कमी केला?"

"सायेब, मागच्या वर्षीबी नव्हता की."

"म्हणजे कमी काहीच केला नाही."

"न्हाई, सायेब."

निरंजनने इमानेइतबारे शून्य गुण लिहिले. शेजारच्या गाळ्यात पॅलेटचंच काम करणारे दादासाहेब दरवर्षी ट्रकभर लाकूड जाळायचे, यंदा अर्धाच ट्रक जाळला. त्यांना पन्नास गुण आणि वर शाल-श्रीफळ. आता काय बोलायचं!

निरंजन तसा मनाने वाईट नव्हता. जाताना हळूच म्हणाला, "काका, सहा महिन्यांनी फेरतपासणी आहे, तोवर काम चालू राहील. थोडं लाकूड जाळा, नोंद ठेवा, मग बंद करा. शंभर गुण मिळतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी ज्ञानदेवने शेडमागे फळ्या रचल्या. बायको शालनबाई काडेपेटी देईना.

"एवढं चांगलं लाकूड जाळता व्हय?"

"जाळल्याबिगर काम ऱ्हात न्हाई, त्याला मी काय करू?"

त्याने काडी लावली. जाळ वरच्या फळीला भिडला. सरळसोट फळी, एक गाठ नाही. त्याने हाताने ओढून ती बाहेर काढली, शालनबाईने घागर ओतली. काळं टोक कापून संध्याकाळपर्यंत ती फळी एका पॅलेटला लागलीही.

सहा महिन्यांनी तो मान खाली घालून म्हणाला, "न्हाई जमलं, सायेब." काम दादासाहेबांकडे गेलं.

दादासाहेब दिलदार. त्यांनी ज्ञानदेवला पगारावर ठेवून घेतलं. त्यांचं अर्धा ट्रक लाकूड आता तोच भट्टीत टाकतो, आणि टाकताना तोंड दुसरीकडे करतो.