गंगापूरहून आलेली चरबी

मामांच्या छातीतली मुख्य रक्तवाहिनी एके ठिकाणी फुगली होती. डॉक्टरांनी तेवढा तुकडा काढून तिथं कापडाची नळी बसवली. पुढं वर्षभर मामा गावभर सांगत फिरले, "माझ्या छातीत टेरिकॉट हाय." अजिंठ्याकडच्या आमच्या गावात मेंढरं वळणाऱ्या माणसाच्या आत असलं काही बसवल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. लोक मुद्दाम येऊन त्यांच्या छातीला कान लावून जायचे.

मग ताप सुरू झाला. संध्याकाळी यायचा, सकाळी जायचा. मामा वाळत चालले. शेवटी मी त्यांना औरंगाबादला, उस्मानपुऱ्यातल्या माझ्या खोलीवर आणलं आणि तिथून दवाखान्यात भरती केलं.

आमच्या घराण्यात बी.ए. झालेला मी पहिला, आणि तोही मामांमुळं. वडील गेल्यावर मला मेंढरांमागं धाडायचं ठरलं होतं. मामांनी माझ्या हातातली काठी काढून घेतली आणि मला शाळेत नेऊन बसवलं. ते उपकार फिटणारे नव्हते. त्यामुळं डॉक्टरांशी बोलायचं काम माझं, हे सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. मराठी घेऊन बी.ए. झालेल्याला छातीतलं काय कळणार, अशी शंका मी सोडून कुणालाच आली नाही.

ऑपरेशन करणाऱ्या मॅडमनी मला बसवून नीट समजावलं. "त्या नळीला जंतुसंसर्ग झालाय. नळी कापडाची, तिच्यात स्वतःचं रक्त खेळत नाही, म्हणून नुसत्या औषधांनी जंतू मरत नाहीत. जुनी नळी काढायची, भोवतालचा पू धुवायचा आणि औषधात भिजवलेली नवी नळी बसवायची. मग पोटातला चरबीचा पडदा वर ओढून तिच्याभोवती गुंडाळायचा. त्या पडद्यात रक्त भरपूर असतं, तो जंतूंना आवर घालतो."

"आणि नाही केलं तर?"

"नळीचा सांधा कधीतरी सुटेल. मग आपल्याला काही करायला वेळ मिळणार नाही."

उठता उठता त्या म्हणाल्या, "फार बारीक झालेत ते. पडदा किती निघतो ते उघडल्यावरच कळेल."

मी सगळं जसंच्या तसं मामीला सांगितलं. तिनं शेवटचं वाक्य तेवढं धरलं.

"बकऱ्याच्या पोटात चरबीची जाळी असती, ती का?"

"तीच."

मामीनं मामांच्या पोटाकडं बघितलं. बघण्यासारखं तिथं काही उरलंच नव्हतं. बरगड्या संपल्या की थेट धोतर. तिनं माझा फोन मागून घेतला.

आमच्याकडं कुणाचं ऑपरेशन असलं की रक्त द्यायला भावकी जीप भरून येते. तशी दुसऱ्या दिवशी आली. पुढच्या सीटवरून उतरले गंगापूरचे दादा, म्हणजे मामीचे थोरले भाऊ. त्यांची रसवंती आहे, आणि गिऱ्हाइकांच्या बरोबरीनं रस ते स्वतःच पितात. बाकीचे रक्ताच्या रांगेत लागले. दादा वेगळे उभे राहिले, सदरा वर केला आणि पोटावर थाप मारली.

"रक्त ही पोरं देतील. मी चरबी द्यायला आलोय. लागंल तेवढी काढून घ्या. सकाळपासून काही खाल्लं नाय."

मामीनं पदरानं डोळे पुसले.

"दादा, तसं चालत नाही," मी म्हणालो.

"रक्त चालतं, किडनी चालती, मग चरबीलाच काय धाड भरली?"

खरं सांगायचं तर मला त्यांचं म्हणणं पटत चाललं होतं.

तेवढ्यात कुणीतरी ही खबर वॉर्डात पोचवली. मामा उठून बसले. "नाय. ऑपरेशनच्या कागदावर अंगठा देणार नाय मी."

"का हो मामा?"

"त्याची चरबी माझ्या काळजाशेजारी? रातभर घोरंल ती!"

दादा दारातूनच ओरडले, "दाजी, मरायला निघालात, तरी ऐट बघा!"

"मरंन, पण तुझी चरबी लावून जगणार नाय. माझ्या लग्नात तुझ्यापायी पंगत कमी पडली."

"तुमच्या लग्नात जेवण होतंच कुठं?"

बाजूच्या खाटांवरचे पेशंट पोट धरून हसत होते. मामी मात्र खरंच रडायला लागली. ताप चढत होता, ऑपरेशन दुसऱ्या सकाळी ठरलेलं होतं आणि मामांनी दोन्ही अंगठे मुठीत लपवले होते.

मी धावत जाऊन मॅडमना गाठलं आणि लाज गिळून सगळी हकीकत सांगितली. त्या हसल्या नाहीत. वॉर्डात आल्या, आधी दादांचं पोट गंभीरपणे बघितलं आणि म्हणाल्या, "छान आहे." दादा फुलले. मग त्या मामांकडं वळल्या.

"काका, तो पडदा तोडून आणता येत नाही. एक टोक पोटाला जोडलेलंच ठेवावं लागतं, नाहीतर त्याचं रक्त बंद पडतं. यांचा वापरायचा म्हटलं, तर तुम्हा दोघांना जन्मभर एकमेकांना बांधून ठेवावं लागेल. म्हणून आम्ही तुमचाच वापरणार."

मामांनी दादांकडं बघितलं. दादांनी मामांकडं.

"आणा ती शाई," मामा म्हणाले.

"म्हणजे मी उपाशी राहिलो ते फुकटच?" असं म्हणत दादा कॅन्टीनच्या दिशेनं गेले.

दुसऱ्या दिवशी आम्ही ऑपरेशन थिएटरबाहेर बसून होतो. दादा स्वतःचं पोट दोन्ही हातांत धरून म्हणत होते, "यातलं अर्धं तरी दाजीकडं असतं तर..." मामी दाराकडं बघत होती. ऊन खिडकीतून निघून गेलं, तेव्हा मॅडम मास्क खाली ओढत बाहेर आल्या.

"नळी बदलली. पडदाही मिळाला."

"पुरला का?" मामीनं विचारलं.

मॅडमनी दोन्ही हात पसरून दाखवले. "नळी पूर्ण झाकून वर उरला. माणूस बाहेरून वाळला, तरी आतला पडदा कधी कधी बराच शिल्लक असतो."

मामीनं मॅडमना हात जोडले. दादा आ वासून उभे. "एवढी? आन् जन्मभर जाड्या मला म्हणत होते?"

पुढं कित्येक आठवडे सलाईनमधून औषधं चालली. ताप गेला, तो गेलाच. अशक्तपणा ओसरून मामांना आवाज फुटला तेव्हा दादा खास तेवढ्यासाठी गंगापूरहून आले आणि खाटेच्या कडेवर बसले. खाट करकरली.

"दाजी, मॅडमनी सगळं सांगितलंय. लई चरबी निघाली तुमच्यात."

मामांनी डोळे मिटले, दम घेतला आणि खरखरत्या आवाजात म्हणाले, "माझी मेहनतीची हाय."