दाराला लावलेला रंग

अर्जमावशीला अर्ज लिहायला कुणी शिकवलं नाही. ती एका निधी देणाऱ्या कार्यालयात झाडलोट करायची. तिथल्या टोपलीत नामंजूर अर्ज पडायचे, ते ती जेवणाच्या सुट्टीत जिन्यात बसून वाचायची. अशी अकरा वर्षं. मंजूर झालेला अर्ज तिने कधी पाहिला नाही, पण माणसं कुठे माती खातात ते तिला तोंडपाठ झालं. नोकरी सुटल्यावर ती छोट्या संस्थांना कुलपं, दिवे, कुंपणं यांच्यासाठी निधी मिळवून द्यायला लागली. शिकलेल्यांनी नाकं मुरडली. मुरडू देत. त्यांच्या नाकावर टिच्चून तिचे अर्ज मंजूर होत होते.

तिला चीड एकाच गोष्टीची. निधी मागायचा सुरक्षेसाठी आणि अर्जात शेखी मिरवायची, की आमची इमारत कशी भक्कम. ती म्हणायची, "डॉक्टरला सांगायचं मी ठणठणीत आहे, आणि वर औषध मागायचं. कोण देईल?"

नवऱ्याच्या मारातून सुटून आलेल्या बायकांचं एक निवाराघर होतं. तिथे एक शिवणकाम करणारी बाई दोन मुलींना घेऊन राहायची. तिच्या नवऱ्याने पत्ता शोधून काढला आणि महिन्याभरात दोनदा मागचं दार पहारीने उचकटायला आला. दोन्ही वेळा शेजारी धावले म्हणून निभावलं. भक्कम दार बसलं नाही, तर शिवणवालीला तिसऱ्यांदा बिऱ्हाड हलवावं लागणार होतं. आणि तिची थोरली आता कुठे शाळेत तोंड उघडून बोलायला लागली होती.

मावशीने अर्ज केला. निधीवाल्यांनी कळवलं, तपासनीस येऊन दार पाहील, मग ठरवू.

त्या दिवशी मावशी पोचली आणि बघतच राहिली. पहारीचे वण लांबी भरून बुजवलेले, वर तुकतुकीत हिरवा रंग. हे संचालिकाबाईंचं काम. हे घर त्यांनी वीस वर्षं कुणापुढे हात न पसरता चालवलं होतं. परक्या माणसाला घराच्या जखमा काय दाखवायच्या, असं त्यांचं म्हणणं. मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण भांडायला सवड नव्हती. तपासनीस दारात उभा होता.

त्याने दारावर टकटक केली, हात फिरवला, पेन काढलं. दार तर उत्तम आहे, म्हणाला.

"साहेब, लिहायच्या आधी आतून कडी लावा," मावशी म्हणाली आणि मागच्या अंगणात गेली.

चपला काढून ती चार पावलं मागे सरली आणि खांदा घातला. पहिल्या धक्क्याला लांबीचे पोपडे उडाले. दुसऱ्याला कडी स्क्रूंसकट उखडली आणि मावशी तपासनीसाच्या बुटांपाशी येऊन पडली. त्याने तिला उठवलं.

"माझं वय अठ्ठावन्न, वजन पंचेचाळीस," ती धापा टाकत म्हणाली. "पहार घेऊन येतो, तो लोहारकाम करतो."

तपासनीसाने संचालिकाबाईंना विचारलं, खरंच कुणी आलं होतं का? त्यांनी जिन्याकडे पाहिलं. तिथे शिवणवाली उभी होती, धाकटीला कवटाळून.

"दोनदा," संचालिकाबाई म्हणाल्या. मग दोन्ही तारखा त्यांनी स्वतःच सांगितल्या.

तपासनीस लिहू लागला. मंजुरीला सहा आठवडे तरी लागतील, म्हणाला. मावशीने फॉर्म उलटा केला आणि खालच्या कोपऱ्यातल्या एका ओळीवर बोट ठेवलं. 'तातडीची बाब.' ती ओळ कुणी भरतच नाही, त्यामुळे साहेबांच्या नजरेस पडली नसेल, असं ती साळसूदपणे म्हणाली. साहेबांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि त्या ओळीवर खूण केली.

लोखंडी दार नवव्या दिवशी बसलं. तोवर सोय हवी होती. तपासनीस गेल्याबरोबर मावशीने निवाराघराच्या कार्यालयातलं कपाट रिकामं करायला घेतलं. संचालिकाबाई दाराचं नुकसान, भरपाई, असलं काहीबाही पुटपुटत होत्या. मग त्यांनी बाह्या सारल्या आणि कपाटाची दुसरी बाजू धरली. या बाजूने मावशीने दुखरा खांदा लावला. कपाट इंचाइंचाने मोडक्या दाराकडे सरकत होतं.