प्लास्टरबाईचा पहिला प्रश्न

प्लास्टरच्या खोलीत कुणीही आलं, की बाई आधी त्याच्या हातापायाकडे बघायची नाही. चेहऱ्याकडे बघायची आणि विचारायची, "कुठे पडलास?" समोरचा ओरडत असो, शिव्या हासडत असो की भीतीने पांढराफटक झालेला असो. सांगता सांगता त्याचं लक्ष जरा उडायचं. तेवढ्यात बाई मनगट धरायची, बादलीवाले मामा कोपर धरायचे, आणि दोघं मिळून अशी ओढ द्यायची की बाहेर बाकावर बसलेले उठून उभे राहावेत. हाड कटकन जागेवर बसायचं. मग कापसाची गुंडाळी, मग कोमट पाण्यातून पिळून काढलेली पट्टी, मग तळव्याने गुळगुळीत करणं. नखांतला पांढरा गाळ कितीही घासला तरी जात नसे. देवापुढे हात जोडले की तोही दिसायचा. बाई म्हणायची, दिसू दे, त्यालाही कळू दे मी कुठून उठून आले.

लग्न तिने केलं नाही. कुणी खोदून विचारलंच तर म्हणायची, "दिवसभर इतक्यांचे हात धरते, आणखी एकाचा कशाला?"

त्या एका प्रश्नाची उत्तरं साठत साठत बाईच्या डोक्यात सगळं शहर हाडांनी मांडलं गेलं होतं. बाजाराचा जिना म्हणजे म्हाताऱ्यांचे खुबे. बर्फाच्या कारखान्यामागचा उतार म्हणजे सायकलवाल्यांचे खांदे. रस्त्याचं नाव सांगितलं तर ती गोंधळायची, पण कोण कुठे मोडलं ते सांगितलं की डोळे मिटून नेऊन सोडायची.

म्हणून धाकटा भाऊ बायकोमुलीला घेऊन सुट्टीत शहर बघायला आला आणि त्याच्या मुलीने, भिंगरीने, फोनवर स्केटपार्क शोधायला घेतले, तेव्हा बाई म्हणाली, "ठेव तो फोन. मला विचार."

भिंगरी चौदाची. एका जागी बूड टेकत नाही म्हणून ते नाव आजोळी पडलं ते चिकटलं. स्केटबोर्ड तिने चादरीत गुंडाळून आणला होता, तान्ह्या बाळासारखा. भावाने ऑफिसात आपल्या साहेबांसमोर छाती फुगवून कबूल केलं होतं, की पोरीला शहरातले एकूण एक पार्क दाखवीन. चारचौघांत दिलेला शब्द, आता गिळता येत नव्हता.

"पुलाखालचा आहे," बाई बोटांवर मोजू लागली. "तिथे मनगटं जातात. पाण्याच्या टाकीजवळचा आहे, तिथे घोटे आणि दात."

"आत्या, तू मला पार्क सांगतेयस की धमकी देतेयस?"

"आमच्या ताईकडे असंच," भाऊ पावाला लोणी फासत हसला. "पाहुण्याला चहाच्या आधी प्लास्टर." हसवायला तो पटाईत होता. जिथे जाईल तिथे लोक त्याच्याभोवती गोळा व्हायचे.

बाईही हसली. हसता हसता तिने भाचीचा डावा हात लाडाने ओढला आणि तिचा अंगठा सवयीने हाडावरून फिरला. करंगळीच्या बाजूला, मनगट आणि कोपर यांच्या बरोबर मधे, तो अडला. तिथे एक टेंगूळ होतं. हाड मोडून, नीट न बसवता जुळलं की येतं तसं.

"हे कधीचं गं?"

भिंगरीने तोंड उघडलं, पण बोलला भाऊ. "बोर्डवरून पडली. सांगून सांगून थकलो. ऐकते कुठे?"

भावजय चहा ढवळत होती. साखर केव्हाच विरघळली होती, तरी चमचा फिरतच होता.

बाईने हात सोडला. पडणारा माणूस तळवा टेकतो आणि त्याचं मनगट जातं. हे मधलं हाड पडून सहसा जात नाही. वरून येणारा फटका डोक्यावर बसू नये म्हणून हात आडवा धरला, की हे जातं. हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. तिच्या स्वतःच्या डाव्या हातावर त्याच जागी तसंच टेंगूळ होतं. वडिलांनी दाराचा अडसर उचलला होता आणि तिने हात वर केला होता. धाकटा तेव्हा खाटेखाली कान गच्च दाबून बसला होता; त्याने सगळं पाहिलं होतं. डॉक्टरांना आईने परस्पर सांगून टाकलं, "पायरीवरून पडली." हात मोडला होता तिचा, आणि तिला कुणी काही विचारलंच नाही. म्हणून तर पुढे जन्मभर, ज्याचं हाड मोडलं त्यालाच ती विचारत आली.

त्या सकाळी मात्र तिने पोरीला पुन्हा विचारलं नाही. चार दिवसांसाठी आलेत, म्हणाली मनाशी. देवा, माझा अंगठा चुकला असू दे.

पुलाखाली गेले, तर रॅम्पवर टेम्पो उभे होते आणि भोवती पत्रे ठोकलेले. भाऊ गाडी वळवताना मागच्या रिक्षावाल्यावर असा ओरडला की त्याच्या मानेच्या शिरा तट्ट फुगल्या. भिंगरी म्हणाली, "बाबा, राहू दे, परत जाऊ." त्यावर त्याने पुढे बघत बघतच एक हात मागे टाकला, तिचा गुडघा मुठीत धरला आणि दाबला. पुढे त्याच्या शेजारी बसलेल्या बाईने आरशात पाहिलं. पोरीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, पण तोंडातून हूं की चूं नाही. सवय असल्याशिवाय एवढं गप्प बसता येत नाही.

"जायचं म्हणजे जायचं," भाऊ गोडीत म्हणाला. "बाबाने शब्द दिलाय ना?"

टाकीजवळचा पार्क उघडा होता. सिमेंट फुटून सळया वर आलेल्या, आणि दाढी फुटलेली दांडगी पोरं. भिंगरीने बोर्ड खाली टाकला, जेमतेम एक फेरी मारली, तोच एका आडदांडाने तिला खांद्याने उडवलं. ती फरफटत गेली. दुसरा एक काटकुळा मुलगा मधे पडला, "मुलीला काय ढकलतोस रे?" पुढचं बोलायला त्याला तोंड उरलं नाही. त्याचं डोकं लोखंडी कठड्यावर आपटलं गेलं, एकदा, आणि पुन्हा एकदा. दाताचा तुकडा बाईच्या चपलेपाशी येऊन पडला. तिघे त्याच्यावर बसले. लाथा अशा पडत होत्या की पोतं बडवल्यासारखा आवाज यावा.

बाई धावली. भावजयीने डोळे झाकले. आणि भाऊ? भाऊ गाडीला टेकून बघत होता. म्हणाला, "चांगला बसला फटका!" आणि खदखदून हसला.

बाईने एकाचं बखोट धरून मागे खेचलं. "उद्या हात मोडून माझ्याच खोलीत येशील ना, तेव्हा बघते!" आडदांडाने तिला ओळखलं, आणि वाघाची शेळी झाली. पोरं पांगली. बाईने ओढणी फाडून काटकुळ्याचा ओठ दाबून धरला. तो रक्त थुंकत हसला.

"बाई, तुम्हीच घोटा बसवला होता माझा. पण पोरीला इथे कशाला आणलंत? जुन्या पोहण्याच्या तलावाकडे न्या की."

"तलाव? मला कसा माहीत नाही?"

"कसा असणार? उतार बरोबर बांधलाय. तिथून तुमच्याकडे कुणी येतच नाही."

बाईला ते लागलं. इतकं शहर डोक्यात, आणि त्यात फक्त मोडणाऱ्या जागा! भिंगरी कोपराचं खरचटलेलं पुसत म्हणाली, "आत्या, तुझा नकाशा फेकून दे बाई." दोघी हसल्या. त्या दिवसातलं तेवढंच मोकळं हसू.

रिकामा केलेला तलाव एखाद्या मोठ्या परातीसारखा होता, निळ्या रंगाचे पोपडे अजून काठाला चिकटलेले. भिंगरी कडेला उभी राहिली. बोर्डचं शेपूट काठावर, पुढचं टोक हवेत. "इथे पुढच्या पायावर सगळा भार टाकायचा," ती आत्याला म्हणाली. "घाबरून मागे झुकलं की संपलं." आणि गेली. खाली, पलीकडे वर, वळून परत. केस उडत होते, तोंड उघडं. बाईने या मुलीचा चेहरा असा कधी पाहिलाच नव्हता. देवाने हीच पोर घडवली होती. सकाळी टेबलाशी बसलेली ती दुसरी कुणीतरी होती.

"पुरे," भाऊ ओरडला. "चला."

"एकच, बाबा!"

त्या एका फेरीत पाय निसटला. भिंगरी नीट लोळण घेऊन उठली, पण बोर्ड काठावरून उसळला आणि थेट भावाच्या गाडीच्या दारावर आदळला. ठाण! दाराला पोचा पडला.

भावाने बोर्ड उचलला. घाई नाही, आरडाओरडा नाही. हसरा चेहरा पुसून टाकल्यासारखा गेला आणि त्याखालून जो वर आला तो बाईला ओळखीचा होता. वडील असेच चालत यायचे. भिंगरी काठावर चढून आली होती. भावाने बोर्ड उगारायच्याही आधी तिचा डावा हात आपोआप डोक्यावर आडवा झाला.

अंगठा चुकला नव्हता.

बाई मधे शिरली. तिला विचार करायला वेळ मिळाला नाही. तिचाही हात तसाच वर गेला, तोच डावा. आवाज ऐकताच तिला कळलं कुठलं हाड गेलं. भाऊ थांबला नाही. दुसरा घाव तिच्या खांद्यावर पडला, तिसरा पाठीवर, आणि ती गुडघ्यांवर आली. "मधे पडतेस? मधे पडतेस?" तो धापा टाकत होता. शेवटी भिंगरीनेच बोर्डची चाकं धरून लोंबकाळत तो खाली ओढला, तेव्हा कुठे त्याच्या डोळ्यांत माणूस परत आला.

दवाखान्याकडे गाडी तोच चालवत होता आणि तोच रडत होता. "ताई, माझा हात झडू दे. ताई, पायरी म्हणू. आपण पायरी म्हणू. मला आत टाकतील गं. तुला तरी माझ्यावाचून कोण आहे?"

खरंच कुणी नव्हतं. बाई तुटलेला हात मांडीवर घेऊन बसली होती. पायरी म्हटलं, तर भाऊ राहील. सुट्टी संपली की तो या पोरीला घेऊन घरी जाईल आणि दार लावून घेईल. मागच्या सीटवर भिंगरी होती. ती आरशातून आत्याच्या तोंडाकडे बघत होती, आत्या काय म्हणते तेवढंच.

प्लास्टरच्या खोलीत बाई पहिल्यांदाच रुग्णाच्या स्टुलावर बसली. मामांच्या हातातली बादली हिंदकळली. "अगं बाई! तुम्ही? कुठे पडलात?"

"पायरीवरून," दारातून भाऊ म्हणाला. थेट आईचा आवाज.

"त्याला नका विचारू," बाई म्हणाली. "हात माझा आहे."

मामा तिच्याकडे वळले.

"पडले नाही मी. माझ्या भावाने मारलं. आणि त्या मुलीच्या डाव्या हाताचाही फोटो काढा. जुनं आहे, मधल्या हाडाला. तीसुद्धा पडली नव्हती."

"ताई, काय बोलतेस!" भाऊ आत आला, मूठ वळलेली. मामा वयाने वाकलेले, पण भरलेली बादली दोन्ही हातांनी छातीशी धरून ते मधे उभे राहिले. "बाई, असं सांगितलं की पोलिसांना बोलवावं लागतं."

"मीच शिकवलंय ना तुम्हाला? बोलवा."

भाऊ बायकोकडे वळला. "तू सांग यांना! काय झालं ते सांग!" भावजय भिंतीला पाठ लावून उभी होती. तिने भिंगरीच्या डाव्या हाताकडे पाहिलं. ना हो म्हणाली, ना नाही. नवऱ्यासाठी खोटं बोलायला ती पहिल्यांदाच चुकली. आणि त्याला ते गालात मारल्यासारखं लागलं. तो मागे सरत बाहेरच्या बाकावर जाऊन आदळला. पोलीस आले तेव्हाही तो तिथेच होता, दोन्ही कान गच्च दाबून.

ओढ द्यायला दुसरं माणूस हवं होतं. तपासायला आलेल्या डॉक्टरांनी भिंगरीला कोपर धरायला सांगितलं.

"जोरात धर," बाई म्हणाली. "आणि माझ्याशी बोलत राहा. लक्ष उडायला हवं."

"काय बोलू?"

बाईने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तुझा कधी मोडला होता?"

भिंगरी सांगू लागली. पहिल्यांदाच, अडखळत, पहिल्यापासून. मामांनी मनगट धरून ओढलं. बाई किंचाळली, सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशी. पोरीने कोपर सोडलं नाही, आणि सांगायचंही थांबवलं नाही.